फायरवॉलवरचं लॉगिन: खाती उपकरणाबाहेर कशी गेली

नेटवर्कमधली ये-जा तपासणाऱ्या फायरवॉलच्या लॉगिन सेटिंगमध्ये लोकल (उपकरणातलंच खातं) आणि रेडियस, टॅकॅक्स प्लस (मध्यवर्ती सर्व्हरकडून ओळख पटवण्याच्या पद्धती) हे पर्याय शेजारी शेजारी दिसतात, पण प्रत्येकाचा जन्म वेगळ्या अडचणीतून झाला.

आधी खातं उपकरणातच असे, बहुतेक वेळा सगळ्यांत मिळून एकच. कुणी नोकरी सोडली की प्रत्येक उपकरणावर जाऊन पासवर्ड बदला. नियम कुणी बदलला, हे लॉगवरून कळायचं नाही. मिलनेट या अमेरिकी लष्करी नेटवर्कवरच्या टर्मिनल सर्व्हरांसाठी बनलेला टॅकॅक्स हा यावरचा जुना उपाय. 1984 च्या आरएफसी 927 मध्ये त्याचा उल्लेख आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज). ओळख पटवण्याचं काम त्याने मध्यवर्ती सर्व्हरकडे नेलं.

रेडियस 1991 मध्ये लिव्हिंगस्टन एंटरप्रायझेसने डायल-अपसाठी तयार केला. मोडेमवरून येणाऱ्या माणसाला आत घ्यायचं की नाही आणि घेतलं तर काय द्यायचं, हे तो एकाच उत्तरात सांगतो. व्हीपीएनसाठी, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणीसाठी, ही पद्धत आजही चालते. प्रशासक कोणती कमांड चालवू शकतो, हे मात्र त्यात नीट बसत नाही. सिस्कोच्या टॅकॅक्स प्लसने ओळख, अधिकार आणि नोंद वेगळी केली, त्यामुळे प्रत्येक कमांडला सर्व्हरची परवानगी घेता येते. म्हणून प्रशासकांसाठी टॅकॅक्स प्लस आणि व्हीपीएनसाठी रेडियस, ही विभागणी आम्हाला अजूनही योग्य वाटते.

रेडियसच्या जुन्या खुणा आजही त्रास देतात. सुरुवातीचे पोर्ट (सेवेला दिलेले क्रमांक) 1645 आणि 1646 दुसऱ्या सेवांना दिलेले निघाले, म्हणून अधिकृत पोर्ट 1812 आणि 1813 झाले. एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला नवा पोर्ट असेल, तर फायरवॉल फक्त टाइमआउट दाखवते. शेअर्ड सीक्रेट, म्हणजे फायरवॉल आणि सर्व्हर यांच्यातला सामायिक गुप्त शब्द, चुकलं तरी तेच दिसतं: सर्व्हरला पासवर्डच्या जागी निरर्थक अक्षरं मिळतात आणि त्याने पाठवलेला नकारही फायरवॉल टाकून देते. अशा वेळी वापरकर्त्याचा पासवर्ड रीसेट करण्यात वेळ घालवू नका, आधी सर्व्हरचा लॉग उघडा. मूळ रेडियसमध्ये एमडी5 या जुन्या हॅश पद्धतीच्या आधारे फक्त पासवर्ड झाकला जातो, बाकी पॅकेट उघडंच. 2024 मधल्या ब्लास्ट-रेडियस हल्ल्याने दाखवलं, की वाटेत बसलेला हल्लेखोर नकाराचा होकार करू शकतो. त्यामुळे मेसेज-ऑथेंटिकेटर (पॅकेट वाटेत बदललं नाही हे तपासणारी खूण) दोन्ही बाजूंना सक्तीचा करा.

सर्व्हर बंद पडला तर आत शिरायला लोकल खातं उरलंच. बऱ्याच उपकरणांत सर्व्हरकडून काहीच उत्तर आलं नाही तरच लोकल खातं तपासलं जातं. नकार आला तर गोष्ट तिथेच संपते. म्हणून आधी लोकल खातं तयार करा, कन्सोलचं (उपकरणाला थेट जोडलेलं) सेशन उघडं ठेवा, सर्व्हरकडे जाणारा मार्ग मुद्दाम अडवा आणि दुसऱ्या सेशनमधून लॉगिन करून पाहा.

पासवर्डसोबत दुसरा घटक म्हणून कोड मागत असाल, तर घड्याळही सांभाळा: 2011 च्या आरएफसी 6238 मधले वेळेवर आधारित कोड सहसा 30 सेकंदांचे असतात. तपासणाऱ्या यंत्राचं घड्याळ काही मिनिटं सरकलं की बरोबर कोडही नाकारला जातो, म्हणून एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) आधी लावा, दुसरा घटक नंतर.