रेसिडेन्सीचा इंटरव्ह्यू म्हणजे व्हायवा नव्हे

अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: इंटरव्ह्यूला एमबीबीएसच्या फायनलसारखी उलटतपासणी होते, म्हणून मेडिसिन पुन्हा पाठ करा. आपल्याकडे नीट-पीजीला, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला, इंटरव्ह्यूच नसतो, त्यामुळे डोळ्यांसमोर येते ती व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षाच.

क्लिनिकल प्रश्न येतच नाहीत, असंही नाही. काही प्रोग्रॅम विचारतात. पण ज्ञान तपासायला यूएसएमएलई ही तिथली वैद्यकीय परवाना परीक्षा आहेच. समोरच्याला बघायचं असतं तुमचं डोकं कसं चालतं ते. बहुतेकदा सुरुवात होते, 'लक्षात राहिलेला एखादा पेशंट सांगा' अशी.

समजा, तुम्ही कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयातली फुरसं हा विषारी साप चावल्याची केस सांगितलीत. हिरड्यांतून रक्त येतंय, लॅब बंद. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेतलं, २० मिनिटं हलवलं नाही, मग तिरकी केली. रक्त गोठलेलंच नाही, म्हणजे विषाचा परिणाम झालाय, म्हणून प्रतिविष सुरू केलं. आता प्रतिविषाबद्दल पुढचा प्रश्न येणारच: 'रिअ‍ॅक्शन आली असती तर?' अ‍ॅड्रेनालिन भरून ठेवलं होतं का, सीनियरला फोन कधी केला, नातेवाइकांना काय सांगितलं, हे ज्याने खरंच केलंय तो न अडखळता सांगतो.

खरी दांडी उडते ती स्वतःच्याच अर्जावर. तीन वर्षांपूर्वीच्या संशोधनाच्या पोस्टरमधला निष्कर्षच आठवत नाही! अर्जातली प्रत्येक ओळ विचारली जाऊ शकते, तेव्हा आधी तोच वाचा. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही, पण मी आधी हे तपासेन' म्हटलेलं चालतं. थापा मात्र लगेच कळतात.