रिग्बीची शिकारी रायफल सोलापुरात घ्यायची तर: परवाना, पात्रता आणि कागदपत्रे

लंडनच्या रिग्बी कंपनीची रायफल आपल्या नावावर होईल का, असे विचारणारे सोलापूर जिल्ह्यात दोन प्रकारचे लोक भेटतात. एकांनी कॅटलॉग पाहिलेला असतो आणि पैशांची तयारी असते. दुसऱ्यांच्या घरात आजोबांच्या नावावरची जुनी रायफल असते आणि आजोबा आता ऐंशीच्या पुढे गेलेले असतात. पहिल्यांना उत्तर जवळजवळ ‘नाही’ असेच आहे. दुसऱ्यांना ‘हो’ आहे, फक्त कागद वेळेत व्हायला हवेत. म्हणून या लेखातला जास्त मजकूर दुसऱ्यांच्या कामाचा आहे.

कंपनीबद्दल थोडक्यात. रिग्बीचे दुकान १७७५ साली डब्लिनमध्ये सुरू झाले आणि पुढे लंडनला आले. १९९७ मध्ये कंपनी अमेरिकेत विकली गेली आणि जुन्या गिऱ्हाइकांनी तिची आशा सोडली. २०१३ मध्ये माउझर आणि ब्लाझर या बंदूक कंपन्या ज्यांच्याकडे आहेत त्या जर्मन उद्योगसमूहाने ती घेतली आणि कारखाना परत लंडनला आणला. तेव्हापासून माउझर धर्तीच्या बोल्ट ॲक्शन (प्रत्येक बारानंतर हाताने दांडा ओढून भरायच्या) रायफली पुन्हा बनू लागल्या. आपल्याकडे हे नाव माहीत आहे ते जिम कॉर्बेटमुळे: १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना भेट मिळालेली .२७५ रायफल ही रिग्बीचीच. हत्ती-रानरेड्यासाठी प्रसिद्ध झालेला .४१६ रिग्बी हा बोअर (म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप) १९११ चा. त्याची एक गोळी सुमारे २६ ग्रॅमची. गंमत म्हणजे त्या काळात मोठे बोअर बदलण्यामागे हिंदुस्थान सरकारचाच हात होता. बंडखोरांच्या हाती काडतुसे पडतील म्हणून इंग्रजांनी इथे .४५० बोअरवर बंदी घातली आणि विलायतेतल्या बंदूकवाल्यांना नवे बोअर शोधावे लागले.

आता बंद दारे कोणती ते पाहू, म्हणजे कोणाला आगाऊ रक्कम देऊन बसण्याची वेळ येणार नाही.

परदेशी शस्त्र मागवणे सर्वसामान्य परवानाधारकाला १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. नामांकित नेमबाजांना राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत आयातीची सवलत मिळते, पण ती स्पर्धेच्या शस्त्रासाठी. हत्तीच्या बोअरची रायफल कोणत्या स्पर्धेत वापरणार, या प्रश्नाला उत्तर नसते. कायमचे मायदेशी परतणाऱ्यांना स्वतःच्या वापरातल्या एका शस्त्रापुरती वाट असते. त्यासाठी विमानात बसण्याआधी कस्टम्सकडून लेखी खुलासा घ्यावा आणि इथला परवानाही आधीच काढून ठेवावा. ‘मी मागवून देतो, कागद नंतर बघू’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याचा नंबर ब्लॉक करा.

दुसरे दार शिकारीचे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार देशात कुठेही राहिलेली नाही. अर्जात ‘शिकारीसाठी’ असे कारण लिहिले तर आपणच आपला अर्ज फेटाळला असे समजा. माणसाच्या जिवावर उठलेल्या वाघ-बिबट्यासारख्या जनावराला मारण्याचा आदेश त्याच कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यातला नरभक्षक बिबट्या ठार झाला तो अशाच आदेशाने. आदेश नसता तर तोच बार गुन्हा ठरला असता, मग बिबट्याने कितीही माणसे मारलेली असोत. उसातल्या रानडुकरांसाठीही वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. परवाना जवळ आहे म्हणून बार काढता येत नाही, आणि काळविटाकडे तर नळी वळवूच नये.

मग रायफलचा परवाना मिळतो तरी कोणाला? शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये एक फरक आहे, तो बहुतेकांना ठाऊक नसतो. वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली तर कायदा बराच मऊ आहे. रायफल, म्हणजे नळीत आतून पिळदार खाचा असलेली बंदूक, मात्र ‘इतर शस्त्र’ या सदरात जाते, आणि तिथे ‘सबळ कारण’ आहे याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी ही कारणे आणखी स्पष्ट केली: व्यवसायामुळे जिवाला किंवा मालमत्तेला खरा धोका असणे, नेमबाजी क्लबचा किमान दोन वर्षे सक्रिय सभासद असणे, किंवा सैन्य-पोलीस सेवेत असणे वा राहिलेले असणे आणि संरक्षणाची खरी गरज असणे. वय २१ पूर्ण हवे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी. श्रीमंती ही अट नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असे कलम १४ स्पष्ट सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, आधी तीन चालत. आपल्या नावावर आधीच दोन असतील तर तिसऱ्याचा विषय तिथेच संपतो.

अर्ज कुठे करायचा हे पत्त्यावर ठरते. सोलापूर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर आयुक्तांकडे. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, माढा असे ग्रामीण भागात असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. शहर वाढले आहे, हद्दीवरच्या वसाहतींत हा घोळ हमखास होतो. तुमच्या घराला कोणते पोलीस ठाणे लागते ते विचारा, ते ठाणे आयुक्तालयाचे की ग्रामीण एवढे कळले की टेबल ठरले.

इथे सोलापूरची एक खास गोष्ट येते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले तेव्हा ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. पुढे कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर ठेवले गेले. वन्यजीव कायद्याचे कलम ३४ म्हणते की अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती हवी. आधीपासून परवाना असलेल्यांनी वनखात्याकडे नोंदणी करायची तीही याच कलमाखाली. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांत राहत असाल तर अर्ज भरण्याआधी आपले गाव त्या दहा किलोमीटरांत येते का, ते वनखात्याच्या कार्यालयातून लेखी घ्या. हे आधी न केल्याने फाइल एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत राहते आणि अर्जदाराला वाटते की आपल्याला मुद्दाम लटकवले.

अर्ज नमुना ए-१ मध्ये, राष्ट्रीय शस्त्र परवाना प्रणालीवर ऑनलाइन भरायचा आणि त्याची छापील प्रत कार्यालयात द्यायची. जोडायचे कागद असे: पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार किंवा अन्य ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला (नमुना एस-३), शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. कारणाप्रमाणे पुरावे बदलतात. धोका असेल तर पूर्वीच्या तक्रारींच्या प्रती, व्यवसाय असेल तर त्याची नोंदणी आणि रोख रकमेच्या वाहतुकीचा पुरावा, नेमबाज असाल तर क्लबचे पत्र आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे. वैद्यकीय दाखला सिव्हिलचाच हवा की खाजगी डॉक्टरचा चालतो, हे त्या टेबलावर आधी विचारून घ्या, म्हणजे दोनदा रांग लागणार नाही.

कारणाचा परिच्छेद स्वतः लिहा. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा तयार मजकूर टेबलावरच्या माणसाने शंभर वेळा वाचलेला असतो. ‘माझ्या जीवितास धोका आहे’ हे वाक्य काहीच सांगत नाही. अमुक तारखेला अमुक ठिकाणी काय झाले, तक्रार कुठे दिली, तिचा क्रमांक काय, एवढे लिहिले की चौकशीला येणाऱ्या हवालदारालाही विचारायला काहीतरी मिळते.

अर्ज ठाण्यात गेला की पोलीस अहवालाला ३० दिवस आणि अहवाल मिळाल्यावर निर्णयाला ६० दिवस, असे नियम सांगतात. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे सांगायला नको. ठाण्यात जबाब होतो, शेजाऱ्यांना विचारतात, प्रलंबित गुन्हे पाहतात. जुनी भावकीतली मारामारीची केस असेल तर लपवू नका, निकालाची प्रत जोडा. नकार आला तर कारणे मागण्याचा हक्क आहे. अपील ३० दिवसांत करायचे: जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्य शासनाकडे.

आता जुन्या रायफलीकडे. जिल्ह्यात रिग्बी, हॉलंड अशा विलायती बनावटीच्या रायफली ज्या काही असतील त्या जुन्या घराण्यांत, आणि त्यांचा प्रवास वारसानेच होतो. २०१६ च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना देता येतो. त्याहून सोयीची वाट अशी की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, यातले जे आधी होईल तेव्हापासून तो हयातीतच आपल्या वारसाला ते देऊ शकतो. माझे स्पष्ट मत, हयातीतच करा. आजोबा स्वतः टेबलासमोर सही करायला असले की निम्मे प्रश्न उठतच नाहीत. नंतर मात्र मृत्यू दाखला, वारसांचा पुरावा आणि मुंबईच्या आत्यापासून लातूरच्या काकांपर्यंत प्रत्येकाचे नोटरीसमोरचे ना हरकत प्रतिज्ञापत्र गोळा करावे लागते, आणि जमिनीचा वाद असेल तर ते मिळत नाही. वारसालाही वय, तब्येत, चारित्र्य या अटी आहेतच.

परवानाधारक वारला की शस्त्र घरात ठेवणे बेकायदा होते. दिवसकार्य होईपर्यंत थांबू, असे लोक म्हणतात. थांबू नका. जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा आणि पावतीवर बनावट, बोअर, क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. कोणत्या अवस्थेत दिले तेही लिहायला लावा, कारण ठाण्याच्या कोठारात वर्षभर पडलेल्या नळीला गंज चढतो.

क्रमांकाचे काम डोळ्यांनी करा. जुन्या रायफलीचा क्रमांक नळीवर आणि खटक्याच्या भागावर कोरलेला असतो, त्यावर वर्षानुवर्षांचे तेल आणि धूळ बसलेली असते. रायफल रिकामी आहे याची खात्री करून, मऊ कापडाने पुसून, टॉर्च तिरका धरून एकेक अंक वाचा आणि परवान्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तिकांत ३ चा ८ आणि १ चा ७ झालेला असतो. ही चूक हस्तांतराच्या वेळी पकडली गेली तर संशय तुमच्यावर येतो. आधी सापडली तर एका दुरुस्ती अर्जात सुटते. परवान्याला युनिक क्रमांक, म्हणजे यूआयएन, मिळालेला आहे का तेही त्याच वेळी बघा. तो नसलेला जुना परवाना चालत नाही.

नात्याबाहेरच्या परवानाधारकाकडून रायफल विकत घ्यायची तर विकणाऱ्याने आपल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. घेणाऱ्याच्या परवान्यावर त्या प्रकारचे शस्त्र आधीच मंजूर असले पाहिजे. तोवर ‘इसार’ म्हणूनही रायफल घरी आणायची नाही.

आणि काडतुसे. .४१६ किंवा .२७५ चे राउंड आपल्याकडे बनत नाहीत, आयात बंद, त्यामुळे जुना साठा मिळाला तर मिळाला, आणि तो किती विश्वासाचा हे सांगता येत नाही. ज्याला खरोखर चालवायची रायफल हवी आहे त्याने ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याची .३१५ किंवा .३०-०६ पाहावी, त्यांची काडतुसे देशातच होतात. त्या देखण्या नसतात, पण चालतात. परवान्यावर वर्षाला किती आणि एका वेळी किती काडतुसे हे दोन आकडे लिहिलेले असतात. विक्रेता त्याच्या पुढे देत नाही.

परवाना आता पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधीच टाका. वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या निर्णयाप्रमाणे ठाण्यातून शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. बँकेच्या रखवालदारासारखे खरे कारण असेल तर सूट मागता येते, ती नोटिशीतल्या मुदतीतच मागा. निकालानंतर शस्त्र परत घेताना पावतीवरचा क्रमांक पुन्हा नळीशी ताडून पाहा, आणि मगच सही करा.