अंतर तेच, मग परतीला तासभर जास्त का?

न्यूयॉर्कच्या जेएफकेहून लंडनच्या हीथ्रोला विमान साधारण ७ तासांत पोहोचतं. परतीला ८ तास लागतात. अंतर तेच, सुमारे ५,५४० किलोमीटर. ‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून’ हे उत्तर वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते चूक आहे. विमानाखालून जमीन सरकत असती, तर उलट पश्चिमेकडचा प्रवासच लवकर संपला असता, कारण मुक्कामाचं शहरच समोरून येत राहिलं असतं! पण हवाही जमिनीसोबत फिरते.

खरं कारण जेट स्ट्रीम: सुमारे १० किलोमीटर उंचीवरून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे. (त्यांना ही दिशा मिळण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, तेवढंच.) फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं विमान ४ तास ५६ मिनिटांत हीथ्रोला उतरलं होतं.