स्थाननोंद लोप (अ‍ॅक्शन कॅमेरा)

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा व्हिडिओ कार्डावरून संगणकात किंवा मोबाइलमध्ये घेताना चित्र व आवाज शाबूत राहतात, पण त्यासोबतची जीपीएसची माहिती नाहीशी होते, असा दोष. नागपुरात पेंच, रामटेकच्या वाटेने मोटारसायकली काढणाऱ्यांपासून रस्त्यांची चित्रित पाहणी करणाऱ्यांपर्यंत अनेकांना तो भेटतो आणि ‘जीपीएस उडालं’ एवढ्यावर त्याचे निदान आटोपते. प्रत्यक्षात या एका तक्रारीखाली तीन वेगळे प्रकार येतात : नोंद मुळात झालीच नाही, झाली, पण फाइल हलवताना मागे राहिली, किंवा सुखरूप आली, पण सॉफ्टवेअरला वाचता आली नाही. वापरणाऱ्यांचा संशय बहुधा कॅमेऱ्यावर, म्हणजे पहिल्या प्रकारावर, जातो. फाइलची रचना पाहता दुसरा प्रकार अधिक संभवनीय वाटतो.

हेल्मेटवर बसणाऱ्या कॅमेऱ्यात जीपीएस कोणी प्रथम घातला याविषयी एकवाक्यता नाही. साधारणपणे काँटूर या कंपनीच्या २०१० च्या सुमारास आलेल्या कॅमेऱ्याचे नाव घेतले जाते. गार्मिनच्या २०१३ मधील व्हर्ब एलिटमध्ये स्थाननोंद व्हिडिओत न ठेवता वेगळ्या ‘फिट’ फाइलमध्ये, कार्डावरील निराळ्या फोल्डरात लिहिली जाई. गोप्रोच्या हिरो ५ ब्लॅकमध्ये (२०१६) ती व्हिडिओच्या फाइलमध्येच आली. याच कंपनीच्या हिरो १२ मध्ये (२०२३) जीपीएस नव्हता आणि हिरो १३ मध्ये (२०२४) तो परत आला. त्यामुळे हिरो १२ च्या फाइलमध्ये कॅमेऱ्याची स्वतःची स्थाननोंद शोधण्यात अर्थ नाही. तक्रार ऐकताना आधी मॉडेल विचारावे. डीजेआय व इन्स्टा३६० यांच्या अनेक अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांत जीपीएस कॅमेऱ्यात नसून रिमोटमध्ये असतो. रिमोट घरी राहिला की नोंदही होत नाही.

रचना. एमपी४ फाइल ही ‘बॉक्स’ म्हणविल्या जाणाऱ्या खणांची बनलेली असते. ही मांडणी अ‍ॅपलच्या क्विकटाइम या व्हिडिओ-पद्धतीवरून घेतलेली असून आयएसओच्या १४४९६ या मानकाच्या बाराव्या भागात ती सांगितली आहे. ‘एमडॅट’ या खणात प्रत्यक्ष माल आणि ‘मूव’ या खणात त्याची सूची असते. स्थान ठेवण्याच्या जागा मात्र दोन आहेत, आणि बराचसा घोळ तेथूनच सुरू होतो. पहिली जागा ‘मूव’मधील वापरकर्त्याच्या माहितीचा खण. तेथे संपूर्ण व्हिडिओसाठी एकच बिंदू, आयएसओ ६७०९ या मानकाच्या पद्धतीने, ओळीच्या रूपात लिहितात. सीताबर्डीजवळच्या झिरो माईलवर सुरू केलेल्या चित्रणात तो ‘+२१.१४९८+०७९.०८०६/’ असा काहीसा दिसेल. मोबाइलचे कॅमेरे बहुतेक एवढेच करतात. दुसरी जागा म्हणजे चित्र आणि आवाज यांच्या जोडीने धावणारा स्वतंत्र माहितीचा ट्रॅक. गोप्रोचा हा ट्रॅक जीपीएमएफ पद्धतीचा असून तो वाचणारी संगणकीय संहिता कंपनीने २०१७ मध्ये खुली केली. या पद्धतीत प्रत्येक नोंदीपुढे आठ बाइटांचे शीर्ष असते : चार अक्षरांची खूण, एक बाइट प्रकाराचा, एक आकाराचा, दोन पुनरावृत्तीचे. ‘जीपीएस५’ या खुणेखाली अक्षांश, रेखांश, उंची आणि दोन प्रकारचे वेग सेकंदाला सुमारे १८ वेळा लिहिले जातात. हिरो ११ पासूनच्या ‘जीपीएस९’ नोंदीत हा दर १० आहे. आकडे दशांशात नसून पूर्णांकात असतात. वरचा अक्षांश २११४९८००० असा साठवलेला असतो आणि शेजारच्या ‘स्केल’ नोंदीतील एक कोटीने भागल्यावरच २१.१४९८ मिळतो. हा भागाकार विसरणारे किंवा ‘जीपीएस९’ ही खूणच न ओळखणारे जुने सॉफ्टवेअर ‘स्थान उपलब्ध नाही’ म्हणून मोकळे होते. माहिती फाइलमध्ये असतेच. हा तिसरा प्रकार होय. त्यावर सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापलीकडे उपाय लागत नाही.

वहनातील गळती. कार्डावरील फाइल जशीच्या तशी कॉपी केली तर ट्रॅक जात नाही. तो जातो फाइल पुन्हा बांधली जाते तेव्हा : आकार कमी करताना, तुकडे जोडताना, संपादन करून निर्यात करताना. अनेक सॉफ्टवेअरांच्या पोटात चालणारे एफएफएमपेग हे साधन वेगळी सूचना नसल्यास एक चित्राचा आणि एक आवाजाचा प्रवाह निवडते, माहितीचा ट्रॅक सोडून देते. सगळे प्रवाह घेण्याची आणि अनोळखी प्रवाहही तसेच उतरवण्याची सूचना द्यावी लागते. ‘इम्पोर्ट’चे बटण दाबले की काही प्रणाली पडद्यामागे नेमके हे पुनर्बांधणीचे काम करतात, मात्र पडद्यावर तसा शब्दही येत नाही. लांब चित्रण कॅमेरा साधारण ४ जीबीच्या प्रकरणांत तोडतो (काही नव्या मॉडेलांत याहून मोठ्या). ती जोडताना पहिल्याच प्रकरणाची स्थाननोंद टिकून पुढची गळून पडल्याचेही आढळते. अशा वेळी नकाशावरची रेघ कामठीच्या आसपास संपते आणि व्हिडिओ मात्र रामटेकपर्यंत चालू राहतो.

मोबाइलवर कारण निराळे. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून (२०१९) फाइलमधील स्थान वाचण्यासाठी अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते, ती नसल्यास प्रणाली स्थान झाकूनच फाइल हाती देते. आयफोनवर त्याच वर्षीच्या तेराव्या आवृत्तीपासून शेअर करताना स्थान वगळण्याचा पर्याय आहे. यास दोष म्हणावे की खबरदारी, हा दृष्टिकोनाचा प्रश्न आहे. वाघांच्या मुलखात व्हिडिओ टाकताना जागा कळू न देणे इष्टच. ताडोबा, पेंचकडे जाणारे जाणते लोक ती मुद्दाम काढतात.

नोंदच न होणे. उपग्रहांचा माग लागण्यापूर्वी चित्रण सुरू केल्यास आरंभीचा भाग कोरा राहतो. बराच काळ बंद असलेल्या जीपीएस ग्राहकाला (संकेत घेणाऱ्या भागाला) सर्व उपग्रहांचे पंचांग, म्हणजे त्यांच्या कक्षांची ढोबळ यादी, पूर्ण मिळण्यास साडेबारा मिनिटे लागतात. एका उपग्रहाची कक्षा कळण्यास मात्र अर्धा मिनिट पुरतो. वर्धा मार्गावरील ३.१४ किमी लांबीच्या दुमजली पुलाखालून जाताना वर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो असल्याने आकाश जवळपास झाकले जाते, रेघ तुटते किंवा आजूबाजूच्या इमारतींत शिरते. गोप्रोच्या ट्रॅकमधील ‘जीपीएसएफ’ नोंद येथे उपयोगी पडते : ० म्हणजे माग नाही, २ म्हणजे फक्त अक्षांश-रेखांश, ३ म्हणजे उंचीसह. सोबतचा अचूकतेचा आकडा ५०० च्या आत असावा.

वेळ. फाइलच्या सूचीतील वेळ १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत आणि मानकानुसार जागतिक वेळेत लिहायची असते. पुष्कळ कॅमेरे तेथे घड्याळातली स्थानिक वेळ लिहितात. मोबाइल किंवा घड्याळातील वेगळी जीपीएक्स रेघ (स्थानबिंदू व त्यांच्या वेळा ठेवणारी फाइल) अशा व्हिडिओला जोडू गेल्यास साडेपाच तासांचे अंतर पडते. दोन्हींचा काळ कोठेच जुळत नाही, आणि सॉफ्टवेअर पुन्हा ‘माहिती नाही’ म्हणते. त्यातही फरक पूर्ण तासांतच टाकू देणाऱ्या प्रणालींत अर्धा तास उरतो. ताशी ६० किमी वेगाने तो ३० किमीचा फरक होतो, म्हणजे मनसरला पोचलेला स्वार नकाशावर अजून कामठीच्या बाजूलाच. शिवाय जीपीएसची स्वतःची वेळ २०१७ पासून जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. ही दुरुस्ती राहिली तर त्याच वेगाला ३०० मीटरचा फरक पडतो.

झिरो माईल आणि पडताळणी. परत मिळवलेली नोंद खरी आहे का हे ठरविण्यास ठाऊक असलेला बिंदू लागतो. नागपुरात त्यासाठी झिरो माईलचा स्तंभ सोयीचा आहे, परंतु त्याविषयीच्या प्रचलित समजुती सांभाळून घ्याव्या लागतात. हा स्तंभ १९०७ मध्ये महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने, म्हणजे त्रिकोणांच्या साखळीने भारत मोजणाऱ्या ब्रिटिशकालीन मोहिमेने, उभारला व तो देशाचा भौगोलिक मध्य दाखवितो, असे सर्रास लिहिले जाते. ते सर्वेक्षण १८०२ मध्ये विल्यम लँब्टनने सुरू केले; नागपूरकडे येत असता १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्रिकोणमापनाचे मुख्य काम एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीपर्यंत बहुतांशी उरकले होते. तेव्हा १९०७ च्या खुणेचा संबंध त्याच सुमारास पुरे होत आलेल्या समतलनाच्या, म्हणजे उंची मोजण्याच्या, कामाशी जोडणे अधिक सयुक्तिक दिसते. देशमध्याच्या कल्पनेला त्या मानाने भक्कम आधार नाही. स्तंभाची नोंदलेली उंची सरासरी समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट, म्हणजे ३११ मीटर आहे.

कॅमेरा तेथे अडीचशे मीटरच्या आसपासचा आकडा दाखवील तर घाबरण्याचे कारण नाही. काही मॉडेले समुद्रसपाटीऐवजी डब्ल्यूजीएस ८४ या गणिती लंबगोलापासूनची उंची लिहितात, आणि भारतात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या लंबगोलाच्या बराच खाली, नागपूरजवळ पन्नास मीटरहून अधिक खाली, आहे. तसेच जुन्या स्थलदर्शक नकाशांचे अक्षांश-रेखांश सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० च्या लंबगोलावर बेतलेले आहेत. त्यांवर कॅमेऱ्याची रेघ ठेवली तर ती शंभर मीटरपेक्षा जास्त सरकलेली दिसते. हा फरक सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. तो नकाशांच्या पायांमधला आहे.

निवारण. कार्ड फॉरमॅट करण्याआधी मूळ फाइल तपासणे, हा क्रम चुकवू नये; बाकीचे मागाहून करता येते. एक्झिफटूल हे फिल हार्वे यांचे साधन अंतर्भूत माहिती काढण्याच्या पर्यायासह चालविले तर ट्रॅकमधील बिंदू ओळीने बाहेर पडतात. मूळ फाइलमध्ये बिंदू असून आयात केलेल्या प्रतीत नसल्यास दोष वहनाचा. मग साधी कॉपी करावी आणि संपादनापूर्वीच जीपीएक्स वेगळी काढून ठेवावी. मूळ फाइल गेली असल्यास कार्डावरील ‘एलआरव्ही’ ही कमी दर्जाची जोडफाइल पाहावी. काही मॉडेलांत तिच्यातही हा ट्रॅक असतो, आणि जागा मोकळी करताना लोक पहिल्यांदा तीच उडवतात. मे महिन्याच्या उन्हात कॅमेरा तापून मध्येच बंद पडला तर ‘मूव’ खण लिहायचा राहून जातो. अशी फाइल कार्ड त्याच कॅमेऱ्यात पुन्हा घालून कॅमेऱ्याकडूनच दुरुस्त करून घ्यावी. बाहेरची दुरुस्ती-साधने बहुधा चित्र आणि आवाज एवढेच जुळवतात, स्थानाचा ट्रॅक त्यांच्या हिशेबात नसतो.