फोनवरचा आवाज आणि फोनमधला मी

गलाईला कुणीच गेलेलं नाही असं घर विटा-खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात शोधावंच लागेल. जुने दागिने आटवून सोनं-चांदी शुद्ध करायचा हा धंदा. पाऊस दगा देतो, म्हणून सांगली जिल्ह्याच्या या दुष्काळी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या केरळ, तमिळनाडू, कोलकाता, दिल्ली इथल्या सराफ बाजारांत जाऊन बसली. घर गावात, कमाई परमुलखात. साताऱ्याकडंही तेच. जावळी-पाटणची माणसं मुंबईत माथाडी झाली, अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातली पोरं सरहद्दीवर गेली. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं कामी आली. लांब राहून नातं टिकवायचा सराव आपल्याकडं इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. पोस्टकार्ड आणि मनीऑर्डर झाली, एसटीडीचा बूथ झाला, आता व्हॉट्सअॅप आहे. म्हणून इंटरनेट आपल्या नात्यांचं आणि आपलं स्वतःचं काय करतं, हा प्रश्न मला इथूनच विचारावासा वाटतो.

आमच्या शेजारच्या आजींना लिहिता-वाचता येत नाही. नातू मदुराईला गलाईच्या दुकानात आहे. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आजी फोन तळहातावर आडवा धरतात, अंगठ्यानं माईकचं चिन्ह दाबतात आणि बांधावरून हाळी द्यावी तशा आवाजात बोलतात, "काय रं बाळा, जेवलास का? हितं पाऊस न्हाई अजून." थोड्या वेळानं उत्तर येतं, "जेवलो आज्जी. तू गोळी घेतलीस का?" एवढंच. पण ते उत्तर आजी झोपेपर्यंत पुन्हापुन्हा लावून ऐकतात. त्याच नातवाचे टाइप केलेले मेसेजही घरच्या ग्रुपवर येतात आणि सून ते वाचून दाखवते. ते मात्र आजींनी कधी दुसऱ्यांदा वाचायला सांगितलेले नाहीत.

आजींच्या या वागण्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. साडेसात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी माणसांपुढं भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावलं. मोठ्या माणसालाही घाम फुटावा असा हा प्रकार. त्यानंतर काही मुलींना आई प्रत्यक्ष भेटली, काही आईशी फोनवर बोलल्या, काहींनी आईशी टाइप करून गप्पा मारल्या आणि काही एकट्याच बसून राहिल्या. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि जवळच्या माणसाचा धीर मिळाला की ऑक्सिटोसिन वाढतं. लाळेच्या आणि लघवीच्या नमुन्यांतून ही दोन्ही मोजली. आई समोर आलेल्या आणि आईचा नुसता आवाज ऐकलेल्या मुलींचं कॉर्टिसॉल उतरलं, ऑक्सिटोसिन वाढलं. टाइप करून बोललेल्या मुलींचं शरीर मात्र एकट्या बसलेल्या मुलींसारखंच राहिलं. धीर देणारी माणसं दोन्हीकडं आईच. फरक पडला तो कानावर पडलेल्या आवाजानं.

प्रयोग लहान होता आणि फक्त मुलींवर होता, हे लक्षात ठेवायला हवं. पण दुसऱ्या बाजूनं आलेला पुरावाही याच दिशेचा आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायला सांगितलं, काहींना फोन करून, काहींना ईमेलनं. आधी विचारलं तेव्हा बहुतेकांना वाटत होतं की फोनवर अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात फोनवर बोललेल्यांना जास्त जवळीक वाटली, आणि अवघडलेपण ईमेलवाल्यांपेक्षा काही जास्त नव्हतं. "उगीच कशाला फोन, मेसेज टाकतो" असं आपण रोज म्हणतो. तो अंदाजच चुकीचा असतो.

गलाईवाल्यांच्या घरातली दुसरी गोष्ट म्हणजे तिकडं जन्मलेली नातवंडं. त्यांना गावाकडची बोली कळावी म्हणून आज्या-आजोबा व्हिडिओ कॉलवर जिवाचा आटापिटा करतात. तो वाया जात नाही. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ यांनी केलेला अभ्यास २०१४ साली आला. नवीन क्रियापदं शिकवायची होती. काही मुलांना समोर बसून शिकवलं, काहींना चालू व्हिडिओ कॉलवर आणि काहींना आधी चित्रित केलेला व्हिडिओ दाखवून. समोर बसलेली आणि व्हिडिओ कॉलवरची मुलं शिकली, चित्रित व्हिडिओ बघणारी शिकली नाहीत. पडदा तर दोन्हीकडं होता. पण व्हिडिओ कॉलवरचं माणूस मूल काय करतंय ते बघून बोलत होतं, मूल थांबलं की थांबत होतं. चित्रित व्हिडिओतल्या माणसाला मूल दिसतच नाही. ज्या आजी पडद्यावरूनच "ते बघ, चिमणी उडाली, तू उडतीस का?" म्हणतात आणि पोरीनं हात हलवले की हसतात, त्या नेमकं मेंदूला हवं ते देत असतात. त्याच पोरीच्या हातात बडबडगीतांचा व्हिडिओ लावून फोन दिला, तर फोन तोच, पण ती देवाणघेवाण त्यात नाही.

आता नात्यांकडून जरा स्वतःकडं वळू.

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच मराठी रंगभूमीची सुरुवात केली. त्यामुळं समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५० च्या दशकात मांडलेली कल्पना सांगलीकराच्या लगेच ध्यानात येईल. माणूस चारचौघांत वावरतो म्हणजे रंगमंचावर असतो, असं ते म्हणाले. समोरचे प्रेक्षक बदलले की भूमिका बदलते, आणि विंगेत गेल्यावर तो मेकअप उतरवून मोकळा होतो. बापासमोरचा मी, मित्रांतला मी, दुकानात गिऱ्हाईकासमोरचा मी, हे सगळे खरेच असतात. ते जमतं, कारण हे प्रेक्षक एका वेळी एका थिएटरात बसलेले नसतात.

इंटरनेटनं नेमकं हेच मोडलं. अॅलिस मार्विक आणि डॅना बॉइड या संशोधकांनी सोशल मीडियाच्या सुरुवातीच्या वर्षांतच ते नोंदवलं होतं. सगळे प्रेक्षक एकाच मांडवात येऊन बसतात आणि बोलणाऱ्याला कळत नाही की नेमकं कुणाशी बोलायचं. आपल्या भागात याचा अनुभव घ्यायचा तर व्हॉट्सअॅपचं स्टेटस बघावं. साताऱ्याला कॉलेजला असलेल्या एका ओळखीच्या मुलीनं कासच्या फुलांत काढलेला ग्रुपचा फोटो स्टेटसला ठेवला. फोटोत मैत्रिणी होत्या, वर्गातली दोन मुलंही होती. तासाभरात चुलत्यांचा फोन, "काय गं, कॉलेजला जातीस का फिरायला?" त्या दिवसापासून तिच्या फोनमध्ये स्टेटस कुणाला दिसू नये याची यादी आहे. चुलते, आत्या, गावाकडची सगळी भावकी. त्यांना दिसतात ते सणाच्या शुभेच्छा आणि आजीचा वाढदिवस. मैत्रिणींना दिसतं ते निराळं. इन्स्टाग्रामवर आणखी एक खातं आहे, तिथं ती कविता लिहिते आणि तिथं नावही स्वतःचं नाही.

अशा मुलीला मोठी माणसं चटकन 'दोन तोंडांची' म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. तिनं फक्त मांडवात पडदे पुन्हा लावून घेतले. आणि त्या बिननावाच्या खात्यावर तिला जे सापडतं ते क्षुल्लक नसतं. १९९८ साली कॅटलिन मॅकेना आणि जॉन बार्ग यांनी इंटरनेटवरच्या चर्चागटांचा अभ्यास केला. समाजात उघड करायला अवघड अशी ओळख असलेली माणसं, म्हणजे उदाहरणार्थ समलिंगी व्यक्ती, त्या गटांत होती. जी माणसं नुसती वाचत न बसता बोलती झाली, त्यांना स्वतःचा स्वीकार करणं सोपं गेलं, आणि पुढं त्यांतल्या कितीतरींनी घरच्यांनाही सांगितलं. ज्या गावात आपल्यासारखं दुसरं कुणी दिसतच नाही, तिथल्या पोराला 'मी एकटा नाही' हे कळणं किती मोठं असतं, हे ज्याला गरज पडली नाही त्याला सहज उमगणार नाही.

पण लाइकचा आकडा आला की या सगळ्याला दुसरी बाजू येते. आपण स्वतःला इतरांच्या नजरेतून ओळखतो, हे चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्येच म्हटलं होतं. फरक इतकाच की तेव्हा त्या नजरेला आकडा नव्हता. लॉस एंजलिसमध्ये लॉरेन शर्मन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १३ ते १८ वर्षांच्या ३२ मुलामुलींना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून फोटो दाखवले, त्यांत त्यांचे स्वतःचेही होते. फोटोखाली दिसणारे लाइक संशोधकांनीच ठरवलेले होते. भरपूर लाइक दिसले की मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग जास्त सक्रिय व्हायचा. तोच फोटो कमी लाइकसह दाखवला तर तो मुलांना तितका आवडायचा नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा ऊसाच्या फडात, गोठ्यात व्हिडिओ करून नाव कमावलेल्या कितीतरी पोरापोरींची ही मिळालेली ओळख एका रात्रीत पुसली गेली. देशाच्या सुरक्षेचं कारण होतं, ते असो. पण त्या पोरांच्या दुःखाला तेव्हा बहुतेक जण हसले, आणि ते मला आजही टोचतं.

एवढं सगळं सांगितल्यावर पालक एकच विचारतात, "किती तास चालेल?" इथं विज्ञानाचं उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं आहे. १९९८ साली रॉबर्ट क्राउट यांनी पिट्सबर्गमधल्या ७३ घरांतल्या १६९ माणसांचा अभ्यास जाहीर केला. इंटरनेट जास्त वापरणाऱ्यांत एकटेपणा आणि उदासी थोडी वाढलेली दिसली. जगभर बोभाटा झाला. त्याच माणसांकडं संशोधक पुन्हा गेले, तेव्हा ते परिणाम बहुतेक ओसरलेले होते, हे २००२ साली त्यांनीच लिहिलं. सोबत केलेल्या नव्या पाहणीत एक लक्षणीय गोष्ट निघाली. मुळात मनमिळाऊ असलेल्यांना इंटरनेटनं फायदा झाला, बुजऱ्या माणसांचं उलट झालं. पुढं २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी ब्रिटन-अमेरिकेतल्या साडेतीन लाखांवर किशोरवयीनांची माहिती तपासली. त्यांच्या सुखदुःखातल्या फरकांपैकी जेमतेम ०.४ टक्के फरक स्क्रीनच्या वापराशी जोडता येत होता. ही अर्थातच सरासरी आहे. एखाद्या मुलीचा वर्गातल्या ग्रुपवर रोज छळ होत असेल तर सरासरी तिच्या काय कामाची? तास मोजून काही हाती लागत नाही ते याचसाठी. त्या तासात कुणाशी, आवाजात की अक्षरात, किती जणांसमोर, हे विचारल्याशिवाय माप निघत नाही.

जवळच्या माणसांची संख्याही इंटरनेटनं फारशी वाढवलेली नाही. रॉबिन डनबार यांनी २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या तीन हजारांवर फेसबुक वापरणाऱ्यांची पाहणी मांडली. मित्रयादी सरासरी दीडशेच्या आसपास होती. अडीअडचणीला धावून येतील असे त्यांत चारच निघाले.

आमच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक प्रयोग सुरू केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मधल्या वेळात मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं बोलत बसतात. कोरोनातल्या ऑनलाइन शाळेनं मुलं फोनला चिकटली होती, त्यातून ही कल्पना निघाली. सुरुवातीला कर्मचारी, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

या भोंग्याचं मोल त्या दीड तासात आहे असं मला वाटत नाही. ते आहे तो सगळ्यांसाठी एकाच वेळी वाजतो यात. लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या हजारावर कॉलेजविद्यार्थ्यांना विचारलं, चार आठवडे टिकटॉक बंद करायला किती पैसे घ्याल? सरासरी ५९ डॉलर. मग विचारलं, कॉलेजातल्या सगळ्यांचंच बंद होणार असेल तर? आता आकडा उलटा झाला. तसं व्हावं म्हणून विद्यार्थी स्वतःच्या खिशातून सुमारे २८ डॉलर द्यायला तयार होते. एकट्यानं सोडलं तर आपणच एकटं पडण्याची भीती, सगळ्यांनी सोडलं तर सुटका. घरात एकट्या पोराच्या हातातून फोन काढून घेणाऱ्या बापाला जे जमत नाही, ते ग्रामसभेला जमतं ते म्हणूनच.

आणि भोंग्यात टीव्हीही येतो, हे तर फारच जाणतेपणाचं आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये काही हजार माणसांवर प्रयोग झाला. त्यातल्या निवडक माणसांनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं. त्यांचा रोजचा सुमारे एक तास वाचला आणि समाधान थोडंसं वाढलं. त्या तासातला काही वेळ घरच्या माणसांना आणि मित्रांना मिळाला. बाकीच्यातला काही त्यांनी एकट्यानं टीव्ही बघण्यात घालवला.