आरोग्यसेवेची तुलना: न दिसणारी रांग आणि साडेतीन मिनिटे

इंदूरच्या अनेक मराठी घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी आता लंडनला, टोरांटोला नाही तर न्यू जर्सीला असते. दिवाळीला मंडळी जमली की "तिकडे स्पेशालिस्टकडे नंबर लागायला महिनोन्‌महिने जातात, इथे सकाळी दुखायला लागले तर संध्याकाळी एमआरआय हातात" असे कोणीतरी हमखास म्हणतो. हे खोटे नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील नियोजित उपचारांची प्रतीक्षायादी 2023 मध्ये 75 लाखांच्या पुढे गेली होती. मात्र हा आकडा आपल्याला कळतो, कारण तिथे थांबलेल्यांची नोंद होते आणि ती दर महिन्याला जाहीर केली जाते. आपल्याकडे खर्चाच्या धास्तीने किंवा अंतरामुळे जो दवाखान्याची पायरीच चढत नाही, तो कोणत्याही यादीत नसतो. म्हणून संध्याकाळी एमआरआय मिळालेल्या माणसाचा अनुभव लंडनच्या रांगेशी ताडून पाहिला, तर आपण आपल्याकडच्या नशीबवानाची तुलना तिथल्या सर्वसामान्याशी करत असतो.

2017 पासून स्वच्छतेच्या क्रमवारीत वर्षानुवर्षे पहिल्या आलेल्या शहराला क्रमांकाची ओढ समजावून सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2000 साली 191 देशांच्या आरोग्यव्यवस्थांना असेच क्रमांक दिले. फ्रान्स पहिला, अमेरिका 37वी आणि भारत 112वा आला. त्या गणितात लोकांचे आरोग्य, रुग्णाला मिळणारी वागणूक, खर्चाचा भार न्याय्य रीतीने वाटला जातो की नाही, असे निरनिराळे घटक ठरावीक वजने देऊन एकत्र केले होते. नुसत्या वागणुकीच्या घटकात अमेरिका चक्क पहिली होती, म्हणजे वजने बदलली असती तर क्रमही बदलला असता. शिवाय अनेक देशांची माहितीच उपलब्ध नसल्याने ती अंदाजाने भरावी लागली. टीका इतकी झाली की संघटनेने अशी क्रमवारी पुन्हा काढली नाही.

एकेका आजाराचे आकडे घेतले तरी फसगत टळत नाही. न्यू यॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी यांनी 2007 मध्ये प्रचारात सांगितले की, प्रोस्टेटच्या कर्करोगातून वाचण्याची शक्यता अमेरिकेत 82 टक्के, तर इंग्लंडमध्ये 44 टक्केच आहे. प्रत्यक्षात या रोगाने होणारे मृत्यू दोन्ही देशांत जवळपास सारखे, दर लाख पुरुषांमागे 26 आणि 27 इतके होते. समजा, एका माणसाचा मृत्यू पंचाहत्तराव्या वर्षी याच कर्करोगाने होणार आहे. लक्षणे दिसल्यावर त्र्याहत्तराव्या वर्षी निदान झाले, तर तो निदानानंतर दोन वर्षे जगला. रक्तचाचणीत सहासष्टाव्या वर्षीच रोग सापडला, तर तो नऊ वर्षे जगला आणि "पाच वर्षे तगलेल्यांत" मोजला गेला. मरणाची तारीख मात्र तीच राहिली. अमेरिकेत ही रक्तचाचणी सर्रास होत असे. तिच्यात असेही अनेक कर्करोग सापडत, जे त्या माणसाला जन्मभर त्रास देणार नव्हते, आणि ही सगळी माणसे "वाचलेल्यांत" जमा होत. निदानानंतर तगण्याचे प्रमाण आणि मृत्युदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्तमानपत्रे आजही विसरतात.

याहून भरवशाची मोजणी डेव्हिड रुटस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये सुचवली. योग्य उपचार वेळेवर मिळाले तर होऊच नयेत, असे किती मृत्यू होतात, एवढेच पाहायचे. घटसर्प, धनुर्वात, क्षय, अपेंडिक्स, बाळंतपणातील गुंतागुंत ही त्याची ठळक उदाहरणे. अशा 32 कारणांवर आधारलेला निर्देशांक 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 2016 साली आइसलँडला शंभरपैकी 97.1 गुण होते. भारत 41.2 गुणांसह 195 देशांत 145वा होता आणि श्रीलंका, बांगलादेश, भूतान त्याच्या पुढे होते. पण मला त्यातले राज्यांचे आकडे अधिक बोलके वाटतात. केरळ व गोवा साठाच्या वर, तर उत्तर प्रदेश व आसाम चाळिशीच्या खाली होते. एवढी तफावत असताना "भारताची आरोग्यसेवा" अशा एकाच नावाखाली नेमके काय तोलायचे?

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासाने या मृत्यूंची फोड केली. भारतात उपचारांपर्यंत न पोहोचल्यामुळे वर्षाला सुमारे 8 लाख 38 हजार माणसे दगावली, तर पोहोचूनही निकृष्ट उपचार मिळाल्यामुळे सुमारे 16 लाख. म्हणजे न दिसणारी रांग लांबच लांब आहे हे खरे असले, तरी जवळजवळ दुप्पट माणसे ती ओलांडून दवाखान्यात पोहोचल्यानंतर गेली.

तिथे काय घडते, याचा शोध आपल्याच मध्य प्रदेशाच्या खेड्यांत घेतला गेला. अर्थशास्त्रज्ञ जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक माणसांना तालीम देऊन रुग्ण म्हणून पाठवले. कोणी छातीतले दुखणे सांगे, कोणी दमा, कोणी घरी असलेल्या मुलाची आव. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका भेटीत सरासरी 3.6 मिनिटे मिळाली, आवश्यक प्रश्न आणि तपासण्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच झाल्या आणि योग्य उपचार सुमारे 30 टक्के वेळा मिळाले. ग्रामीण मध्य प्रदेशात पाहिलेल्यांपैकी दोन तृतीयांश "डॉक्टरां"कडे कोणतीही वैद्यकीय पदवी नव्हती. वेळेचाच मुद्दा घ्यायचा, तर 67 देशांच्या पाहणीत पहिल्या पातळीवरचा डॉक्टर एका रुग्णाला बांगलादेशात सरासरी 48 सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे देत असल्याचे आढळले.

दास यांच्या गटाने 2016 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. सरकारी नोकरीबरोबर खासगी दवाखानाही चालवणारा डॉक्टर आपल्या खासगी दवाखान्यात अधिक प्रश्न विचारत होता आणि योग्य उपचारही अधिक वेळा देत होता. म्हणजे ज्ञान तेच होते, खुर्ची बदलली की वागणे बदलत होते. सरकारी पगार जास्त असला म्हणून तपासणी अधिक चांगली झाल्याचे दिसले नाही. खासगीत फी जास्त तिथे योग्य उपचार जास्त, हे खरे. पण तिथे अनावश्यक औषधेही जास्त लिहून दिली जात होती.