पार्श्वभूमी : साम्राज्य, बंड आणि चातुर्मासातलं वाचन

साम्राज्याविरुद्धच्या बंडाच्या कुमारवयीन अद्भुत कादंबऱ्यांचा साचा आता ओळखीचा झाला आहे. एक अफाट साम्राज्य असतं आणि त्याची निर्दयी लष्करी शाळा असते. गुलाम केलेल्या जमातीतली एक मुलगी असते आणि त्याच शाळेत वाढलेला, पण मनातून फुटलेला एक तरुण शिपाई. कडेला जिन, शाप आणि भाकितं असतात. विदर्भातल्या खेड्यांत असं पुस्तक तालुक्याच्या वाचनालयातून, शाळेच्या कपाटातून किंवा मोबाईलवर पोचतं. 'हे परदेशातलं, आपल्याकडं कुठलं' हा त्यावरचा नेहमीचा शेरा. इतिहास पाहिला तर तो टिकत नाही.

कुमारवाचकांचा वेगळा कप्पा तसा अलीकडचा आहे. अमेरिकी ग्रंथालय संघटनेने त्या वयाच्या वाचकांसाठी स्वतंत्र विभाग काढला 1957 साली. 1967 मध्ये एका प्रकाशकाने अमेरिकी लेखिका उर्सुला ली ग्विन यांच्याकडे थोराड मुलांसाठी पुस्तक मागितलं, आणि त्यातून जादूगाराच्या शाळेची एक गाजलेली कादंबरी जन्मली. 1977 नंतर 'बंडखोर विरुद्ध साम्राज्य' हे सूत्र 'स्टार वॉर्स' सिनेमाने घरोघर नेलं. 2008 नंतर मुलांना एकमेकांशी झुंजवणाऱ्या राजवटीच्या कादंबऱ्यांची लाटच आली. त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या 'हंगर गेम्स' या कादंबरीतल्या पॅनेम देशाचं नावच 'भाकरी आणि खेळ' या लॅटिन शब्दांवरून घेतलेलं आहे.

या कादंबऱ्यांचा कच्चा माल बहुतेक खराच असतो. स्पार्टात मुलगा सात वर्षांचा झाला की घरातून उचलून लष्करी शिक्षणात घालत, आणि हेलॉट या दास जमातीवर दहशत ठेवण्यासाठी तरुणांची गुप्त टोळी फिरे. ऑटोमन सुलतान बाल्कनमधल्या ख्रिस्ती घरांतली मुलं घेऊन त्यांचे जानिसारी शिपाई घडवत. ते दल 1826 मध्ये सुलतानानेच मोडलं. रोममध्ये इसवीसनपूर्व 73 साली कापुआच्या ग्लॅडिएटर गुलामांच्या झुंजशाळेतून सत्तरएक जण स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि सळया घेऊन पळाले. त्यांचा पुढारी स्पार्टाकस. दोन वर्षांनी बंड मोडलं तेव्हा कापुआ ते रोम रस्त्यावर सहा हजार कैदी क्रुसावर चढवले गेले. कादंबरीत चाबूक, मुखवटा, डाग दिलेला हात आला की ही पानं आठवावीत. लेखकाने क्रौर्य मीठमसाला म्हणून टाकलेलं नाही.

जादू आणि बंड एकत्र आणण्याचा वारसा मात्र आपल्याला रोमपेक्षा जवळचा आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने 1883 पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा' या उर्दू अद्भुतकथेचे भाग काढले. त्यात अफरासियाब नावाचा जादूगार बादशहा मायावी मुलखावर राज्य करतो, आणि त्याच्याच दरबारातल्या महरुखसारख्या जादूगारणी फुटून त्याच्याविरुद्ध उभ्या राहतात. साम्राज्याच्या आतून निघालेलं बंड, तेही बायकांच्या पुढाकाराने! 1888 मध्ये देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' ही हिंदी कादंबरी आली आणि तिलिस्म (मायावी जग), अय्यार (वेषांतर करणारा हेर) हे शब्द देवनागरीत रुळले. विदर्भ हिंदीच्या शेजारात राहतो. इथल्या वाचकाला त्या पुस्तकांसाठी भाषांतराची वाट पाहावी लागली नाही.

मराठीत अद्भुताची वाट 1861 च्या 'मुक्तामाला'ने उघडली. 'मोचनगड' 1871 मध्ये आली, किल्ला आणि कैद घेऊन. पण आजच्या कुमार-कादंबरीची खरी थोरली बहीण शोधायची तर ती 'उषःकाल'. हरि नारायण आपट्यांनी ती 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः लिहिली. बाप आदिलशाहीचा इमानी किल्लेदार, मुलगा शिवाजीराजांकडे ओढलेला. घरातच फूट. साम्राज्याचं मीठ खाल्लेल्या माणसाचं इमान कुठे संपतं, हाच प्रश्न आजच्या कादंबरीतल्या शिपायापुढेही आहे.

आता विदर्भाचा स्वतःचा इतिहास. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्याच वर्षअखेर तिसरे रघूजी भोसले वारले आणि दत्तक नाकारून नागपूरचं राज्य खालसा झालं. पाच वर्षांत चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) जंगलात बाबूराव शेडमाके उठले. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातला पंचविशीचा गोंड तरुण. 29 एप्रिल 1858 ला बंडखोरांनी प्राणहितेकाठी चिंचगुडीची तारायंत्राची छावणी गाठली. त्यांनी खजिना किंवा कचेरी निवडली नाही, तार निवडली. साम्राज्याच्या नसा कुठे असतात हे त्यांना कळलं होतं. चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने मग सैन्यापेक्षा दाबाचा मार्ग धरला. अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्यावर जोर टाकून बाबूरावांना धरवलं गेलं, आणि 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. अडपल्ली-घोटची जप्त जमीनदारी लक्ष्मीबाईंना मिळाली. कादंबरीत बंडखोरांतलाच एक जण फितूर होतो तेव्हा पोरं चिडून पुस्तक मिटतात. त्यांना ही नोंद दाखवावी आणि विचारावं, जमीनदारीणबाईंपुढे त्या वेळी कोणते रस्ते होते? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. म्हणूनच तो विचारण्याजोगा आहे.

बंडात अद्भुत कसं शिरतं याचंही उदाहरण इथलंच आहे. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटले तेव्हा तुकडोजी महाराजांचं एक भजन तोंडोतोंडी होतं. झाडं शस्त्रं होतील, दगड बाँब होतील, भक्तांची सेना होईल, असं त्यात म्हटलं होतं. 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमुरात मोर्चावर गोळीबार झाला आणि लोक उसळले. महाराजांना त्याच महिन्यात अटक झाली. ज्यांच्या हाती शस्त्र नाही त्यांच्या कल्पनेत निसर्गच शस्त्र होतो. कादंबरीतल्या मुलीच्या हाकेला वारा किंवा सावली धावून येते, ती याच गरजेतून.

वाचनाची रीतही इथे आयती आहे. चातुर्मासात गावोगाव पोथी लागते. एक वाचतो, बाकीचे ऐकतात, अध्याय संपल्यावर बोलणं होतं. साडेचारशे पानांच्या कादंबरीला हीच पद्धत सोयीची. मराठी पान मोठ्याने वाचायला अडीच मिनिटं लागतात. पाऊण तासाच्या बैठकीत सतरा-अठरा पानं होतात, म्हणजे सव्वीसएक बैठका. आठवड्याला तीन धरल्या तर नऊ आठवडे. जुलैच्या सुरुवातीला धरलं तर पुस्तक पोळ्याच्या आगेमागे संपतं. दिवाळीत सुरू करू नये. सोयाबीन निघत असतं, कापसाची वेचणी लागते, मुलंही शेतात असतात आणि तिसऱ्या बैठकीला निम्मी गळतात.

गळतीची दुसरी जागा म्हणजे साठ ते ऐंशी पानांच्या मधली. तोवर पंधरा-वीस परकी नावं, पदव्या आणि शहरं येऊन पडलेली असतात. उपाय साधा आहे. पहिल्याच दिवशी भिंतीवर कार्डशीट लावावी. डावीकडे साम्राज्याचे लोक, उजवीकडे बंडखोर, मधे कुंपणावरचे. नाव पहिल्यांदा आलं की तिथेच लिहावं, आणि पात्राने बाजू बदलली की खोडून न टाकता बाण काढावा. या कादंबऱ्या बहुधा दोन निवेदकांच्या तोंडून आलटून पालटून जातात. एकेका निवेदकाची प्रकरणं एकेकाने वाचली की 'मी' कोण हा घोळ होत नाही. नकाशा असेल तर त्याची मोठी प्रत काढून शेजारी चंद्रपूर-गडचिरोलीचा नकाशा लावावा. नदी, जंगल, घाट यांनी सैन्य कसं अडतं, हे प्राणहिता आणि इंद्रावती पाहून लगेच कळतं.

भाषांतर करून सांगताना एक चूक सर्रास होते. बंडखोरांना मावळे म्हटलं जातं आणि साम्राज्याला मोगल. सोपं वाटतं, पण पहिल्या पाच मिनिटांतच निकाल लागून जातो. मग साम्राज्याच्या गणवेशातला मुलगा माणूस म्हणून ऐकूच येत नाही, आणि निम्मी कादंबरी त्याचीच असते. शब्द साधे ठेवावेत : सम्राट, सुभा, शिपाई, गुलाम, खबऱ्या. एकदा निवडलेला शब्द शेवटपर्यंत बदलू नये.

गडचिरोलीच्या गावांत तर आणखी जपावं लागतं. तिथे बंड, खबऱ्या, चकमक हे शब्द पुस्तकातले नाहीत. ऐकणाऱ्यांत कुणाच्या तरी घरात दोन्हीपैकी एका बाजूची जखम असू शकते. बैठक चालवणाऱ्याने छळाची आणि फाशीची प्रकरणं आधी स्वतः वाचून ठेवावीत, चौदा वर्षांखालच्या मुलांना त्या दिवशी बसवू नये, आणि 'तुमच्या गावात असं कोण' हा प्रश्न कधीही विचारू नये. चर्चा 1858 वर न्यावी. ते अंतर सुरक्षित आहे आणि पुरेसं जवळही.

पुस्तक घेताना दुसरा भाग सोबतच मागवावा. पहिला भाग बहुतेकदा सुटका अर्धवट ठेवून थांबतो, आणि मागणीनंतर प्रत यायला महिने गेले की मुलांनी धरलेला धागा तुटतो. प्रत पातळ पुठ्ठ्याची, डिंकाने चिकटवलेली असेल तर ती उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात ठेवू नये. तिथल्या उष्णतेने डिंक मऊ पडतो आणि पानं गठ्ठ्याने सुटतात. आल्याआल्याच कण्याजवळ तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवून घ्यावी, मगच वाचायला द्यावी.